शेराच्या पल्याडचे दोन हात

आत्याबाई, तुम्ही लावलेलं शेराचं कुंपण गेल्या महिन्यात मुळासकट उपटलं. तुमच्या नातवाला तिथं तार ओढायची होती. त्याआधी त्यानं सरकारी मोजणी आणली, आणि हद्दीचा दगड निघाला शेराच्या पल्याड, दोन हात शेजारच्या अण्णाकडं. सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला नवल वाटलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी अगदी हद्दीवर शेराची फांदी खोचली, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. "उद्या छाटायला दुसऱ्याच्या रानात उभारणार काय? आत सरक. चीक त्यांच्या बैलाच्या डोळ्यात गेला तर काय सांगशील?" दोन हात आत सरकून आपण सगळी रांग लावली. पुढं तुम्ही गेलात, अण्णाचा नांगर शेरापर्यंत येत गेला, आणि ती पट्टी त्याचीच आहे असं सगळे धरून चालले.

पण त्या दोन हातांत अण्णाची बायको पुरलेली आहे, वर कट्टा बांधलाय. त्यांच्यात रानातच पुरतात. खड्डा खणत होते तेव्हा मी भाकरीचं टोपलं घेऊन तिथंच उभी होते. खड्डा आपल्या जागेत चाललाय हे दिसत होतं. मढं शेजारी बसवलेलं असताना हद्द कोण काढतं? मी भाकरी वाढायला लागले.

मोजणी झाली तसा तुमचा नातू त्या दगडावर पाय ठेवून म्हणाला, "हा कट्टा आमच्या रानात हाय. काढून घ्या." अण्णानं चप्पल काढली आणि बायकोच्या कट्ट्याला टेकून बसला. त्याची दोन्ही पोरं काठ्या घेऊन आली. आपल्या पोरानं पहार उचलली.

"अक्का," अण्णा म्हणाला, "तवा तू बघत हुतीस नव्हं? कामून बोलली न्हाईस?"

"तुझी बायको मेली होती म्हणून. तू मेला असतास तर बोलले असते."

त्याच्या धाकट्याला हसू आलं, पण काठी काही खाली गेली नाही. मग मी आपल्या पोराकडं वळले. "तार शेराच्या जागीच वढ."

"माय, कागदावर आपलं हाय!"

"मग कागदावरच तूर पेर. पहार ठेव खाली. अन् अण्णा, तू बी ऐक. कट्टा राहील. पण तुझा नांगर तारेला घासायला लागला तर मी काठी घेऊन यीन."

"व्हय अक्का," एवढंच म्हणाला.

तार ओढून झाली. पोरगा माझ्याशी बोलत नाही, मी चुलीपाशी असले की जेवायला येत नाही. गावातल्या बायका म्हणायल्यात, म्हातारीचं मन मोठं. ते किती मोठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी तारेपाशी जाते, पल्याडची ती काळीभोर माती बघते अन् तिथं तुरीच्या किती ओळी बसल्या असत्या ते मोजते. कट्ट्यापुरती सोडून बाकीची तरी मागायला हवी होती. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता चुलीत घालते. पोराच्या हाती लागला तर तो उद्याच पुन्हा पहार घेऊन निघेल, आणि या खेपेला मी त्याला अडवीन असं मला वाटत नाही.