आठवड्यापुरती क्रीम

घाटकोपर,
१४ जानेवारी २०२५

प्रिय शीतल,

सप्रेम जय भीम. भीमराज भावोजींची पाठ कशी आहे? आता तरी गाडीवरून सिलिंडर आणू नका म्हणावं. ऐकणार नाहीत, तरी सांग.

माझं बरं चाललंय. पार्लरला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दिवसभर रेडिओशी गप्पा. हसू नकोस. रोज फोनवर बोलतो आणि ही पत्र काय लिहितेय, असं वाटेल तुला. फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा "जेवलीस का" विचारून ठेवून दिला.

मनालीच्या चेहऱ्याबद्दल आहे. काल तिचा फोन आला होता. तोंडाची नुसती आग होतेय म्हणाली. डॉक्टरांनी काय लावायचीस विचारलं, तर ही म्हणे, फक्त बेसन. वर मलाच धीर देते, "मावशी, टेन्शन नको घेऊस यार. तुझं नाव नाय घेतलं मी."

शीतल, माझी ती घरगुती क्रीम घरगुती नव्हती. साध्या कोल्ड क्रीममध्ये मी मेडिकलमधून आणलेली खरजेची ट्यूब कालवायचे. तिच्यात स्टेरॉइड असतं. चार दिवसांत चेहरा उजळतो, गिऱ्हाईक खूश. पार्लरवाल्या बऱ्याच जणी करतात, म्हणून मीही केलं. कॉलेजच्या गॅदरिंगआधी मनालीलाही दिली. अकरा महिने लावतेय ती. रिकामी ट्यूब सोबत ठेवलीय, नाव वाचता येतं. ती आणि हे पत्र डॉक्टरांना दाखव. काय लावलं होतं ते कळल्याशिवाय ते तरी औषध कशावर देणार?

इथेच थांबणार होते. पण खरं अजून राहिलंय.

दुसऱ्याच महिन्यात तिच्या गालांवर लाली आणि बारीक लव दिसली होती. मला कळलं होतं. तरी देत राहिले. मोठी डबी कधीच दिली नाही, आठवड्यापुरतीच भरायचे. संपली की रविवारी ती यायची, जेवायची, दुपारभर बडबडायची. हे गेल्यापासून या घरात दुसरं कुणी येत नाही गं. पोरीचा चेहरा बिघडत होता आणि मी रविवार आला म्हणून मटण आणत होते.

तिला रागावू नकोस. माझ्यासाठी खोटं बोलली ती. डॉक्टरांनी बोलावलं तर मी येईन, सगळं माझ्या तोंडाने सांगेन. तुमच्याजवळ बसणार नाही.

मनालीची मावशी, असं लिहायला हात धजत नाही.

नंदा