मला चक्कर येत नाही

सोमवार, ४ मार्च. सकाळी ११.
ॲडमिट झालो. बीपीची नवी गोळी सुरू करून तीन दिवस नजरेखाली ठेवणार म्हणे. ठेवा. शुक्रवारी लेक येतेय, दोन वर्षांनी, जेमतेम तीन दिवसांसाठी. स्टेशनवर मी जातीनं हजर राहणार. म्हणजे गुरुवारी इथून सुटायचंच. संकल्प: आदर्श पेशंट व्हायचं. तक्रार शून्य.

दुपारी ४.
सिस्टर सारखी येते. आडवं असताना बीपी घेते, मग उभं करून पुन्हा. चक्कर येते का काका, मळमळतं का, पाय सुजलेत का, भूक लागते का? इतकी चौकशी सौ.नं तीस वर्षांत केलेली नाही. पोरीला माणसाची पारख आहे.

मंगळवार, ५ मार्च.
उठताना खोली जरा फिरली. झोप नीट नव्हती, दुसरं काही नाही. सिस्टरला म्हणालो, ठणठणीत! चक्कर आमच्या घराण्यातच नाही. ती म्हणाली, उभे राहा बघू. आली का पंचाईत! गुडघा दुखतो म्हणालो आणि बसूनच बीपी दिलं. डोकं असावं लागतं.

बुधवार, ६ मार्च.
गुडघ्याचा एक्स-रे काढला. दीड तास स्ट्रेचरवर. गुडघा उत्तम आहे.
बीपी मात्र हटत नाही, आणि त्रास तर काहीच नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली. माझ्या तब्येतीवरचा हा विश्वास पाहून भरून आलं. दुपारी बाथरूममध्ये नळाला मिठी मारून पाच मिनिटं उभा होतो. कोणी पाहिलं नाही. सिस्टर मशीन घेऊन येताना दिसली की झोपेचं सोंग.

गुरुवार, ७ मार्च. सकाळी ९.
पाहिलं होतं! शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी. आणि सिस्टरला सांगितलंसुद्धा. या माणसाला रोज माझा पेपर वाचायला देतो मी! वर सौ.ची साक्ष: हो हो, कालपासून भिंत धरूनच चालतायत. घरभेदी.
डिस्चार्ज रद्द. गोळी कमी केली. आधीचा अंमल उतरेपर्यंत एकट्यानं उठायचं नाही, बेल वाजवायची. मी काय कुकुलं बाळ आहे?

दुपारी ३.
पडद्याआडून ऐकलं. सिस्टर मास्तरांना विचारत होती, चक्कर येते का काका, मळमळतं का? तेच शब्द, तोच गोड आवाज. पायसुद्धा दाबून पाहिले त्यांचे. त्यांनाही हीच गोळी. म्हणजे काळजी माझी नव्हतीच, गोळीची होती. फार लागलं मनाला. जेवलो नाही. तिनं ‘भूक कमी’ असं लिहून घेतलं.

शुक्रवार, ८ मार्च.
लेक स्टेशनवरून थेट वॉर्डात. बेल कसली वाजवतोय, रुबाबात उठलो. दोन पावलं टाकली. पुढचं तिलाच माहीत.

रविवार, १० मार्च. संध्याकाळी ५.
लेक दोन दिवस स्टुलावर बसून आहे. माझ्या चपला तिनं लपवल्या आहेत. सिस्टर विचारते मला, उत्तर देते लेक. पोटची पोरही फितूर! उद्या सकाळी सातला तिची गाडी. मला मंगळवारी सोडणार.
आज सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाली, काका, मंगळवारीच चक्कर सांगितली असतीत तर तेव्हाच गोळी बदलली असती, गुरुवारी घरी गेला असतात. लेकीनं ऐकलं. पाणी आणते म्हणून उठली, जग भरलेला होता तरी.
इतकी महत्त्वाची गोष्ट मला आधी सांगायला नको? सौ. म्हणते, सिस्टरनं सोमवारीच सांगितलं होतं, दोनदा, आणि तुम्ही मान डोलावलीत. सौ. काय, त्यांच्याच पार्टीची.
डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनं लगेच विचारलं, हे गोळी सुरू झाल्यापासून होतंय का?
नाही म्हणालो. तरी तिनं लिहून घेतलं.