पंखांवरच्या रेघा

प्रिय सोन्या,

तुझं जहाज बुडालं त्या दिवशी सकाळी तू पाठवलेला फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. लाटेवर एक काळपट पाखरू आणि खाली तुझी खोडी, की आई, हा कोण ते ओळखून दाखव, तुला कावळ्यापलीकडे काही कळत नाही. मी गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होते, म्हटलं सवडीने सांगू. मग सवडच सवड मिळाली. कापड मशीनवर तसंच पडून राहिलं आणि मी पक्ष्यांची पुस्तकं घेऊन बसले.

शेवटी मी ठासून सांगितलं, हा काळा सुरय, किनाऱ्यालगतचा पक्षी. सुरय संध्याकाळी जमिनीवर परततो, म्हणजे जवळ एखादं बेट असणारच, आणि तू तर पट्टीचा पोहणारा, लहानपणी तुला पाण्यातून ओढून बाहेर काढावं लागायचं. कंपनीने शोध थांबवला, तरी तुझे बाबा माझ्या त्या एका शब्दावर तग धरून आहेत. फोटोत पंखांवर दिसतात त्या पांढऱ्या रेघांना मी पाण्याचे शिंतोडे म्हणत आले.

काल वादळ शमल्यावर धक्क्यावर गर्दी जमली होती. कधी नव्हे ते एक समुद्रपाखरू भरकटून आलं होतं. पक्षीमंडळातल्या काकांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. काळपट अंग, दुभंगलेली शेपटी, चोचीवर बारीकशी नळी. त्याने पंख पसरले. दोन्ही पंखांवर शिंप्याच्या खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा, तुझ्या फोटोत आहेत अगदी तिथेच. शिंतोडे काही दोन्ही बाजूंना मापात उडत नाहीत. काका सांगत होते, ही वादळी पाकोळी, आपल्याकडे फार दुर्मिळ. अंडी घालायचे दिवस सोडले तर ही जमिनीचं तोंड बघत नाही, भर समुद्रातच राहते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.

बाबांनी बोट ठरवली आहे. उद्या ते बेटं धुंडाळायला निघणार. आत्ता शेजारच्या खोलीत तुझे गरम कपडे बॅगेत भरताहेत आणि मधूनच विचारतात, निळा स्वेटर त्याला घट्ट तर होणार नाही ना. मी नाही म्हणते. ते पाखरू कुठल्याच बेटाची खूण नव्हतं, हे त्यांना मलाच सांगायचं आहे, आणि कालपासून तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून आधी तुला लिहून पाहिलं. तू गेलास, बाळा. लिहिता तरी आलं. आता उठते आणि त्यांच्याकडे जाते.

तुझीच,
आई