रेडिएटरमधली हळद

प्रिय आनंदराज,

जयभीम. फोनवर जीपचं नाव काढलं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून हे कागदावर. नांदेडच्या क्लासमधी पोरांचे पेपर तपासतोस ना, तसं हे शेवटपर्यंत वाच. मधीच फाडलंस तर तिथं येऊन तुझ्या पोरांसमोर वाचून दाखवीन. मला लाज न्हाई, तुला म्हाईत हाय.

तू म्हणालास, वडलांची जीप भंगारात घाल. म्हणून लातूरच्या गॅरेजातून पाने-पकडी घेऊन गावाकडं गेलो. पुनर्वसनातल्या घरामागं पत्र्याखाली ती सोळा वर्षं उभी हाय. तुझी माय अजून तिला फडक्यानं पुसते. माझ्या ह्या मावशीनं आधी मला जेवू घातलं, मग विचारलं, आनंद येणार हाय का? त्या दारात तू एकदाबी पाय ठेवला न्हाईस. तीच बिचारी तुझ्याकडं दोन दिवस येते आणि परत जाते. मान खाली घालून वरण भुरकत बसलो.

तू का येत न्हाईस ते मला एकट्याला म्हाईत हाय. लातूरच्या खोलीवर, तू अकरावीला आणि मी गॅरेजात शिकाऊ, तवा एकदाच बोलला होतास. रोज संध्याकाळी जीपमधी पाणी भरायचं काम तुझं. विसर्जनाच्या दिवशी तू मिरवणूक बघायला पळालास आणि विसरलास. पहाटे भूकंप झाला. तुझ्या वडलांना, पंढरीकाकांना दगडांखालून काढलं आणि शेजारच्या गुरुलिंगनं त्याच जीपमधून लातूरला न्यायला घेतलं. औशाच्या अलीकडं इंजन तापून जाम झालं, आणि काका तिथंच गेले. "मी पाणी भरलं असतं तर," इतकंच म्हणालास. मला तवा काय कळत होतं? नुसता तुझ्या पाठीवर हात ठेवून बसलो.

परवा बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच सटकलं, स्वतःवर. अरे, धड गाडीला रोज संध्याकाळी पाणी लागतंच कशाला? पंधरा वर्षं लोकांचे रेडिएटर उघडून राहिलो आणि हे माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई! पाणी कुठंतरी जात होतं, म्हणून भरावं लागत होतं. सडलेले रबरी पाइप बदलले, दिवस मावळायच्या आत रेडिएटर काठोकाठ भरला, खाली पेपर अंथरले. सगळी पानं टॉपरच्या फोटोंची. एका जाहिरातीत तुझाबी फोटो होता, तेवढं पान घडी घालून खिशात ठेवलं.

सकाळी पेपर चिंब, आणि रेडिएटरमधी बोट घातलं तर पाणी लागंना. पण थेंब जिथं पडतो तिथंच गळती असती असं न्हाई, पाणी लोखंडावरून वाट काढत जातं. सगळं कोरडं पुसलं, मावशीकडून ज्वारीचं पीठ मागून भुरभुरलं, परत पाणी भरलं. पिठावर ओली रेघ उमटली. तिच्या मागं मागं गेलो, तर रेडिएटरच्या खालच्या टाकीचा जोड. तिथं एक काळा गोळा चिकटलेला. नखानं खरवडला तर आतून पिवळा! हळद, साबण आणि चिंधी. गळती बुजवायचा ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज. त्या पहाटेनंतर जीप चाललीच न्हाई, मग हे केलं कुणी? काकांनीच.

मावशीनं चिंधी ओळखली, तिच्या निळ्या लुगड्याची. म्हणाली, "तवाच म्हणलं, घरात हळद का पुरंना!" हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. काका रोज पहाटे गाडी काढायच्या आधी स्वतः कळशी घेऊन जायचे, हेबी तिनंच सांगितलं. म्हणजे संध्याकाळचं पाणी सकाळपर्यंत टिकत न्हाई, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, गुरुलिंगला न्हवतं. मान्य, आता गंजून भोक वाढलं असंल. पण आनंद्या, तू भरलं असतंस तरी पहाटेपर्यंत ते मातीतच मुरलं असतं. फिजिक्सवाल्या माणसाला हे मी समजावून सांगायचं का?

एवढंच असतं तर तुझ्या दारात उभा राहून ओरडून सांगितलं असतं. पत्र लिहिलं ते पुढच्या गोष्टीसाठी. तुझं गुपित मी मावशीला सांगितलं. शिव्या दे, पण सांगितलं. तवा तिनं तिचं सांगितलं. त्या संध्याकाळी तू पळालास, तवा तिनं मागून हाक मारली होती, "जा तू, पाणी मी वतते." तुला ऐकू गेलं न्हाई, आणि भाकरी थापायच्या नादात तीबी विसरली. सोळा वर्षं ती मनात धरून बसलीय की लेकाला हे म्हाईत हाय, त्यानं आपल्याला माफ केलं न्हाई, म्हणून तो घरी येत न्हाई. हळद मी काढली न्हाई, तशीच ठेवलीय. भंगारवाल्याला सोमवारचं सांगितलंय. तू रविवारी ये.

तुझाच,
जिलानी