खैरुद्दीनचा व्हिसा चालू राहावा म्हणून

मी, चंद्रहास विष्णू आंबेरकर, मूळचा रत्नागिरीचा, सध्या राहणार शारजा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. भीती वाटते आहे. परंतु भीती म्हणजे दडपण नव्हे, असे वकीलबाईंनी सांगितले. पुढच्या आठवड्यात माझी बायपास आहे.

१. पुण्याचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पत्नी सविता हिची. मुलगा निनाद याला काही ठेवत नाही. तो दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये माझ्यापेक्षा बरा राहतो.

२. औद्योगिक क्षेत्रातले गाड्यांच्या सीटकव्हरचे वर्कशॉप, शिलाई मशिनी आणि लायसन्समधला माझा संपूर्ण हिस्सा भागीदार खैरुद्दीन याला द्यावा. त्याचे पूर्ण नाव व देश बंद पाकिटात वकीलबाईंकडे आहेत, कारण तिथे अजून त्याची आई राहते. त्याचा व्हिसा याच लायसन्सवर आहे. माझ्यामागे वर्कशॉप विकले, तर व्हिसा खलास, आणि त्याला परत जावे लागेल.

३. परत जाणे म्हणजे काय, तेही लिहितो. शुक्रवारी जेवणानंतर त्याच्या गावाकडची माणसे आमच्या अर्धवट शिवलेल्या सीटांवर बसून त्यांच्या राष्ट्राध्यक्षांवर विनोद करायची. फोन बाहेर ठेवून. एकदा खैरुद्दीन म्हणाला, “हमारे उधर दीवार से साहब का फोटो गिरा, तो दोनों को वापस टाँगते हैं. फोटो को और घरवाले को.” सगळे हसले. मीही.

त्याच महिन्यात तिकडे त्याच्या धाकट्या भावाला उचलले. चौकशीत त्याला हाच विनोद शब्दशः ऐकवला आणि विचारले, यावर कोण कोण हसले? भाऊ इथे कधी आलेलाही नव्हता. तो अजून सुटलेला नाही.

४. त्या शुक्रवारी एक नवा गृहस्थ आला होता. सर्वांत मोठ्याने तोच हसला. तो अजून येतो, “खैर कैसा है?” विचारतो. खबर देणारा तोच होता याला पुरावा नाही. म्हणून आता सगळेच एकमेकांवर संशय घेतात. त्याला चहा द्यावा. माझ्या ऑपरेशनचे सांगू नये.

५. माझे दहन इथेच करून अस्थी रत्नागिरीच्या समुद्रात सोडाव्यात. हे ऐकून खैरुद्दीन म्हणाला, “चंदूभाई, तुम लकी हो. तुमको वापस जाने के लिए मरना पडेगा. मेरे को मरने के लिए वापस जाना पडेगा.” आम्ही दोघे पोट धरून हसलो. मग त्याने उठून शटर खाली ओढले.

६. निनादचे म्हणणे, “पप्पा, धिस इज नॉट अवर प्रॉब्लेम. तुमचं नावही त्यांच्याकडे जाईल.” त्याचे चुकत नाही. मलाही तेच भय आहे. तरी कलम दोन कायम.

७. सहीच्या टेबलावर हाताने वाढवलेला मजकूर: दुसरे साक्षीदार म्हणून खैरुद्दीनच्या गावचे एक वयस्क गृहस्थ आले होते. त्यांनी विचारले, “ये कौन पढेगा?” म्हटले, कोर्ट. “उसके बाद?”  त्यांनी पेन खाली ठेवले, माफी मागितली आणि गेले.

मला गाडीने दुबईला घेऊन आलेला निनाद दाराशीच उभा होता. तो आत येऊन म्हणाला, “व्हेअर डू आय साइन?”  खालची त्याची सही वाकडीतिकडी आली आहे; बँकेतल्या सहीशी जुळणार नाही, तरी ती त्याचीच आहे.

लिहून देणार: चंद्रहास वि. आंबेरकर
साक्षीदार: १. ॲड. मैथिली सबनीस २. निनाद चंद्रहास आंबेरकर

दुबई, १४ नोव्हेंबर २०२४