तुझ्या गाडीत नाय

पोलादपूर,
पाडव्याचा दुसरा दिवस, सन १९६४

ट्रकाच्या शेठला सांगून तुझ्या क्लिनरला, भिकूला, कामावरून काढायला लावलंस म्हणे. का, तर त्यानं मला खरं सांगितलं म्हणून. आता दरवाजा कोण वाजवणार रे? तुझा बाप वरून येणार?

चि. सयाजीस आईचा आशीर्वाद. तांबडी गाय व्यायली, कालवड हाय. सूनबाई आवडीला नाचणीचे पापड पाठवलेत.

शिमग्याला आलास तेव्हाच मला खटकलं होतं. पानात डाव्या हाताला चटणी वाढलेली आणि तू ओरडतोस, "आये, चटणी कुठाय?" मी म्हटलं, महाडात राहून साहेब झालाय, आयतं तोंडाशी पायजे.

मग माहेरी सोडतो म्हणून मला ट्रकात बसवलंस. मी मध्ये, भिकू दरवाजाशी. आंबेनळीच्या घाटात डाव्या अंगानं लाकडाची मोळी घेऊन बाई चाललेली. भिकूनं दरवाजावर थापा मारल्या तेव्हा कुठं तू गाडी वळवलीस. बाईनं मोळी टाकली आणि तुला अशा शिव्या घातल्या की मी पण नवीन शिकले. तू हसलास. "आये, क्लिनर दरवाजा वाजवतोच, तशीच पद्धत असते."

पद्धत असते ती गाडी मागं घेताना. उजेडात समोर चाललेलं माणूस दिसायला दरवाजा वाजवावा लागतो काय?

चहाला थांबलो तिथं भिकूला गाठलं. खोदून विचारलं. मग म्हणाला, "आजी, दादांना काचबिंदू हाय. बाजूचं दिसत नाय. गेली ती नजर परत येत नाय. थेंब घातले तर उरलेली टिकते. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलंय." त्या थेंबांनी काळोखात आणखीच कमी दिसतं म्हणे, आणि तू ते घालून वर सांजेच्या काळोखीत घाट उतरतोस! इतके दिवस तो पोरगा गाडी चालवत होता, तू नुसता चाक धरून बसलेलास.

डॉक्टरानं विचारलं म्हणे, घरात आणखी कोणाला हाय काय. तू म्हणालास, कोणाला नाय. मला विचारलंस?

हे लिहायचं नव्हतं. ती मोळीवाली थापा पडेपर्यंत मला पण दिसली नाय. मी तर तिच्या बाजूला, तुझ्याहून जवळ बसलेली. चहाला भिकूजवळ तसं बोलून गेले. "आजी, तुम्हाला पण?" मी म्हटलं, गप, चहा पी. दोन वर्षं दाराच्या चौकटीला खांदा आपटतेय आणि शेजारच्या ठकूबाईला सांगतेय, घरात काळोख फार.

पण मी पडले तर माझाच गुडघा फुटतो. तू चुकलास तर कोणाची तरी आई मरते.

शेठकडं माल चढवायला-उतरवायला माणूस लागतो, ते काम माग. लाज वाटत असली तर मी येऊन मागते. डोळे दाखवायला मी महाडला येणारच हाय. यष्टीनं. तुझ्या गाडीत नाय.

तुझी आई,
राहीबाई

चाक सोडलंस का नाय, याचं उत्तर आवडीनं लिहायचं. तिला खोटं लिहिता येत नाय. तू लिहिलंस तर मी न वाचता चुलीत घालीन.