प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव

जिंतूर,
सप्टेंबर १९७८

प्रिय दत्तू,

तुझं पत्र पोचलं. पुण्यात आत्याकडे तुझं बरं चाललंय, एल.एल.एम.ला दोघांचीही सोय झाली तर मिळून एक खोली घेऊ, असं लिहिलंयस. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. आम्ही सध्या जिंतूरला मामाच्या पडवीत राहतो. मायची भाजलेली बोटं आता मिटतात, पण भाकरी थापता येत नाही. मीच थापतो. तव्यावर ती फुगत नाही, चिरते. पूर्वी माय हसली असती. आता नुसती बघते आणि निम्मी भाकरी खाऊन ताट सारते.

बा गेल्याचं तुला घरून कळलं आणि तू लगेच लिहिलंस, ते वाचून मला बरं वाटलं. बा तुला 'धाकलं पाटील' म्हणायचा आणि तू त्याच्यावर चिडायचास, तेही तू लिहिलंयस. खाली लिहिलंस, 'बाहेरगावच्या लोकांनी येऊन आपल्या गावात असं करावं, याची लाज वाटते.' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुला तसंच कळवलं असणार.

परभणीची आपली स्टेशनजवळची खोली मला फार आठवते. एल.एल.बी. होईपर्यंत आपण इंग्रजीला भ्यायलो आणि एल.एल.एम.ची प्रवेश परीक्षा सगळी इंग्रजीत आहे कळल्यावर तर तू पुस्तकच भिंतीवर फेकलंस. मग स्टोव्हवर चहा ठेवून आपण एकमेकांना परिच्छेद म्हणून दाखवायचो. तू अर्ध्यावर झोपायचास. माहितीपत्रक आलं तेव्हा त्यातल्या अटी तूच मोठ्यानं वाचल्यास. एल.एल.बी.ला दुसरा वर्ग हवा, लेखी परीक्षा, मग तोंडी, प्रतिष्ठित माणसाचा वर्तणुकीचा दाखला, आणि आपल्यावर कोणताही फौजदारी खटला चालू नाही असं हमीपत्र. या शेवटच्या अटीला तू किती हसलास. "आपल्यावर कसला खटला, भुज्या? शेजारच्याची कोंबडी खाल्ल्याचा?"

वर्तणुकीचा दाखला मला तुझ्या आबांनीच दिला. मी ओसरीच्या पायरीशी उभा होतो. आबांनी चष्मा लावला, सही केली आणि म्हणाले, "आश्रुबाचं पोरगं गावाचं नाव काढील." मी खोटं लिहीत नाही, त्या दिवशी मला आबांबद्दल फार माया वाटली होती. परीक्षेला निघालो तेव्हा तुझ्या किशनदादानं आपल्या दोघांना राजदूत फटफटीवर बसवून जिंतूरच्या स्टँडवर सोडलं. मी सगळ्यात मागं, मांडीवर दोघांच्या पिशव्या. एस.टी. सुटेपर्यंत दादा खिडकीशी थांबला, गरम भजी आणून दिली. "साहेब झाल्यावर आमाला वळख द्या," म्हणाला. पेपर झाल्यावर तू डोक्याला हात लावून बसलास, कारण 'इक्विटी'वरचा प्रश्न तू 'इक्वॅलिटी' समजून लिहून आला होतास. त्या दिवशी आपण पोट धरून हसलो. तू आत्याकडे राहिलास, मी गावाकडं आलो.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी रेडिओवर आली आणि गावातलं बोलणं बदललं. आमच्या बायांना विहिरीवरून परत पाठवलं. आमच्या माणसांचं काम बंद झालं. बा म्हणायचा, चार दिवस निघून जातील. त्या दिवशी मी बोरीहून पायी येत होतो. दिवस अजून वर होता. वस्तीवर धूर दिसला म्हणून पळत सुटलो. आमच्या घराचं छप्पर कापसाच्या पळाट्यांचं, पावसाची उघडीप पडल्यानं वाळलेलं. मायनं हातानंच पेटती पळाटी ओढून दार मोकळं केलं होतं. बा बाहेर आला होता, दत्तू. पूर्ण बाहेर आला होता. पण शेळ्या आत बांधलेल्या होत्या, त्यांचं ओरडणं त्याला सोसवलं नाही. तो परत आत गेला. एक शेळी बाहेर आली आणि मागं आढं कोसळलं.

आमच्या दारापुढं जी माणसं होती त्यात बाहेरगावचं कुणी नव्हतं. टेंभा किशनदादाच्या हातात होता, तुझ्या सख्ख्या भावाच्या. मी त्याच्यापासून आपल्या खोलीच्या लांबीइतका दूर होतो. त्यानं मला पाहिलं. बा आत गेल्याचंही त्यानं पाहिलं. त्याचं तोंड एकदम उतरलं, टेंभा खाली पडला आणि तो वळून चालू लागला. पळाला नाही, चालत गेला. मला अजून तेच दिसतं.

फौजदारांनी 'अनोळखी जमाव' असं लिहून घेतलं. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "आधी नीट आठव." आठवडाभरानं माझ्यावरच गुन्हा दाखल झाला, की सरकारी मदतीसाठी वस्तीतल्या घरांना मीच काडी लावली. फिर्याद तुझ्या आबांची. मला अटक झाली नाही, पण गुन्हा कागदावर आला. त्याच सुमारास पुण्याहून कळलं की माझी निवड झालीय आणि हमीपत्र भरून हजर व्हायचंय.

परवा आबा स्वतः इथं आले. मामाच्या पडवीत बाजेवर बसले. थकलेत फार. म्हणाले, "भुजंग, धूर लय व्हता. धुरात मानसाला मानूस वळखू येत न्हाई. सायबापुढं येवढंच म्हन. तुझ्यावरची फिर्याद मी उद्याच्याला काढून घेतो. जा, शिक. माझ्या किशनला दोन लेकरं हायेत रे." मी म्हणालो, "आबा, मलाबी बाप व्हता." मग ते रडले. दत्तू, मी तुझ्या आबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ते तसेच उठून गेले.

ते गेल्यावर माय पहिल्यांदा सलग बोलली. "नाव घेऊ नगंस. बाप काय माघारी येनार न्हाई. तू जा तिकडं, मोठा कायदा शिक, मंग काय करायचं ते कर." मी म्हणालो, की धूर होता असं सांगून मी तो कायदा शिकायला बसलो तर पहिल्याच तासाला उठून यावं लागेल. तिला ते पटलं नाही. ती भिंतीकडं तोंड करून निजली. कालपासून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर असेलही. मला आता बरोबर-चूक इतकं स्वच्छ दिसत नाही. जे पाहिलं तेवढं दिसतं.

हे सगळं तुला का लिहितोय, ते आता सांगतो. सोमवारी इथल्या न्यायाधीशांपुढं माझी जबानी आहे आणि मी किशनदादाचं नाव घेणार आहे. एकदा ते तिथं नोंदलं की मला फिरवता येणार नाही, म्हणून त्याआधी तुला कळवतोय. फिर्याद माझ्यावर राहील, हमीपत्र मला भरता येणार नाही. प्रवेश घेत नसल्याचं मी पुण्याला कालच कळवलं. तुझ्या पत्रात शेवटी तू लिहिलंयस, प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुझं आहे, कुणीतरी एक गळला की तुझं काम झालं. तो मी आहे, दत्तू. बोलावणं येईल, तेव्हा नाही म्हणू नकोस. तू नाही म्हणालास तर जागा तिसऱ्याच कुणाला जाईल, आणि माझा बा काही उठून येणार नाही. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. फक्त पेटी उचलून इकडं, आबांच्या वतीनं रदबदली करायला, येऊ नकोस. तू समोर उभा राहिलास तर माझ्यानं नाव घेववणार नाही.

तुझाच,
भुजंग